‘माझी आई’ निबंध आणि वहीतला ‘छान’



आज निबंधाचा नमुना देत नाही. एका तपासलेल्या निबंधाबद्दल लिहिते आहे.

गेला ऑगस्ट आमच्या घराला फार जड गेला. बाबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. शाळा सुटली की मी थेट दवाखान्यात. वह्याही तिथल्या बाकावरच तपासायचे. महिना संपायच्या आत बाबा गेले. तेरावा झाला आणि मी शाळेत हजर झाले.

सहकारी फार जपून वागले. कुणी चहा आणून दिला, कुणी पोषण आहाराचं रजिस्टर भरून ठेवलं होतं. बाबांचं नाव मात्र कुणी काढलं नाही. वर्गात गेले तर तिसरीतला एक मुलगा सरळ म्हणाला, “बाई, तुमचे बाबा वारले ना? मग आता तुम्ही बाबा कुणाला म्हणणार?” बाकीची मुलं त्याला गप्प करायला लागली. मला तर वाटलं, इतक्या दिवसांत कुणीतरी नीट विचारलं. “कुणालाच नाही रे,” म्हटलं. तो “हं” म्हणाला आणि पाढे लिहायला लागला.

त्याच आठवड्यात किराणा दुकानात मी बोलून गेले, “बिनसाखरेची बिस्किटं द्या, बाबांना साखर चालत नाही.” पैसे देताना लक्षात आलं. आणि तिथेच ती वही आठवली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. दिवाळीच्या सुट्टीत तिची आई आजाराने गेली. शाळा सुरू झाल्यावर मी दरवर्षीप्रमाणे ‘माझी आई’ निबंध दिला. विसरले नव्हते हो! वाटलं, तिला वगळलं तर ती एकटी पडेल. तिने लिहिलं होतं की आई लवकर उठते, माझी वेणी घालते, डब्यात लसणाची चटणी देते. सगळा वर्तमानकाळ. मी बरोबरची खूण केली, खाली ‘छान’ लिहिलं आणि पुढची वही ओढली. तिला जवळ घेऊन एक शब्द विचारला नाही.

माझं म्हणणं असं, की हा विषय बंद करायची गरज नाही. आई नसलेल्या मुलालाही आईबद्दल लिहावंसं वाटतं, कदाचित जास्तच. पण निबंध देण्याआधी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, “आईवर लिहायचंय, की आजीवर, की दुसऱ्याच कुणावर?” त्याने ‘उठते’ लिहिलं तर ‘उठायची’ अशी दुरुस्ती करू नका. आणि ‘छान’वर भागवू नका. “चटणी तिखट असायची का गं?” एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

पालकांनाही हात जोडून सांगते, घरात आजारपण असेल तर वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. आम्हाला बऱ्याचदा महिन्याभराने कळतं, तोवर अभ्यास केला नाही म्हणून मूल आमची बोलणी खाऊन बसलेलं असतं. ‘बाबा लांब गेलेत’, ‘आजी झोपलीय’ असं लहान मुलाला सांगू नका. ते वाट बघत बसतं, नाहीतर झोपायलाच घाबरतं. गेले म्हणजे वारले, परत येणार नाहीत, हे आपल्या माणसाच्या तोंडून कळू द्या. आणि नऊ वर्षांच्या पोराला ‘आता तूच घरातला मोठा’ हे तर कुणीच म्हणू नये. मयताला आलेले दहा जण तरी हे म्हणून जातात!

जाता जाता एक कामाची गोष्ट. आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. पात्र मुलाला दरमहा 2250 रुपये मिळतात. घरच्यांना दुःखात हे सुचत नाही. अर्ज भरायला आपण मदत करू शकतो. त्या मुलीच्या वेळी मी तेही केलं नाही.

ती आता सहावीत, दुसऱ्या शाळेत आहे. तिच्या आजीला निरोप पाठवलाय, रविवारी घरी येते म्हणून.