सायकलीबरोबर वाराही लिहून द्या

मधुमेह, उच्च रक्तदाब आणि स्थूलता या तीन व्याधींनी आपला बाह्यरुग्ण विभाग किती व्यापला आहे, हे व्यवसायबंधूंना आणि भगिनींना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. औषधपत्राच्या तळाशी आपण सारेच एक ओळ लिहीत असतो : 'रोज अर्धा तास व्यायाम.' जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाची शिफारस केली, तिच्याशी ही ओळ सुसंगतच आहे. मात्र औषधाची मात्रा, वेळ आणि पथ्य काटेकोरपणे लिहिणारे आपण, व्यायाम कोठे, केव्हा आणि कोणत्या हवेत करावा हे लिहीत नाही. घरातल्या स्थिर सायकलीपुरता या राहून गेलेल्या ओळीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. अशा सायकलीवर बसणाऱ्याला पंखा ही चैन नव्हे. तो व्यायामाच्या मात्रेचाच एक भाग आहे. तो कोणता असावा, कोठे ठेवावा आणि केव्हा उपयोगी पडणार नाही, हे सांगणे वैद्याचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरातल्या सायकलीकडे आपल्या भागातील माणूस केवळ हौसेने वळलेला नाही. पांढुर्णा नागपूर-बैतूल महामार्गावर वसलेले, तर सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर. दोन्ही रस्त्यांवरील जड वाहनांची वर्दळ पाहता साठीच्या गृहस्थाला पहाटे तेथे सायकल घेऊन जा असे सांगण्यास जीभ धजत नाही. गुडघे दुखणाऱ्या गृहिणीला फेरफटका झेपत नाही, आणि रस्त्यावर सायकल चालविण्याचा संकोच अद्याप पुरता गेलेला नाही. त्यात २०२० च्या टाळेबंदीने घरातच व्यायाम करण्याची सवय लावली. शिवाय या प्रदेशात सायकलीची प्रतिष्ठा वाढविणारे आदर्श आपल्याच व्यवसायात आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा जोडीने पूर्ण केली. शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच स्पर्धा एकट्याने पार केली. अशी उदाहरणे वाचून सायकल घरी आणली जाते, आणि ती बहुधा आतल्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्या मध्ये उभी राहते. येथेच मुख्य फरक पडतो. रस्त्यावरचा सायकलस्वार आपला वारा आपणच निर्माण करीत असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या अंगावर, हवा स्तब्ध असली तरी, सेकंदाला साडेपाच मीटर वेगाचा वारा येतो. घरातला सायकलस्वार तेवढेच श्रम करतो. त्याला वारा मात्र मिळत नाही.

याचे गणित साधे आहे. सायकल चालविताना शरीराने खर्चिलेल्या ऊर्जेपैकी सुमारे २० ते २५ टक्केच पायडलापर्यंत पोहोचते. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. मध्यम गतीने, म्हणजे ७५ वॅट कार्यशक्तीने सायकल चालविणारा माणूस सुमारे ३०० वॅट उष्णता निर्माण करतो. जुन्या काळचे १०० वॅटचे तीन दिवे पोटात पेटवून बसावे, असाच हा प्रकार. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर ७० किलो वजनाच्या देहाचे तापमान अर्ध्या तासात सुमारे २ अंशांनी वाढेल. तसे होत नाही, याचे श्रेय घामाला आहे. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता शरीरातून जाते. परंतु ही किमया वाफ होणाऱ्या घामाची आहे, टपकणाऱ्या घामाची नव्हे. स्तब्ध हवेत त्वचेलगत दमट हवेचा एक थर साचून राहतो आणि घाम नुसताच ओघळतो. तो थर हटविण्याचे काम वारा करतो.

म्हणूनच 'जितका घाम जास्त तितकी चरबी कमी' ही समजूत आपण निक्षून खोडून काढली पाहिजे. दारे-खिडक्या बंद करून, प्रसंगी अंगात जाड कपडे घालून सायकल चालविणारे महाभाग आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. व्यायामानंतर वजनकाट्यावर जो अर्धा किलो कमी दिसतो, ते पाणी असते. दोन तांबे पाणी पोटात जाताच ते परत येते. हाती मात्र शीण उरतो, आणि आठ-दहा दिवसांत सायकलीवर कपडे वाळत घातलेले दिसू लागतात. रुग्ण आळशी असतो म्हणून व्यायाम सुटतो, असे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा तो गुदमरतो म्हणून सुटतो.

प्रश्न केवळ सुखसोयीचा असता तर स्मरणिकेची पाने त्यासाठी खर्ची घातली नसती. उष्ण आणि स्तब्ध हवेत त्वचेकडे अधिक रक्त वळवावे लागते, घामावाटे द्रव घटतो, आणि श्रम तेवढेच असूनही नाडीची गती वाढत जाते. शरीरक्रियाशास्त्रात यालाच 'कार्डिओव्हॅस्क्युलर ड्रिफ्ट' म्हणतात. नाडी मोजून व्यायामाची तीव्रता ठरविणाऱ्याची येथे फसगत होते. आणि बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला तर नाडीचा हा इशाराही नीट मिळत नाही. मूत्रल औषधे घेणाऱ्यांच्या शरीरात द्रवाची गंगाजळी आधीच कमी असते. दीर्घकालीन मधुमेहात स्वायत्त मज्जातंतूंची हानी झाली असेल तर घामाची प्रक्रियाच बिघडलेली असते. असा रुग्ण सायकलीवरून उतरला, एकदम उभा राहिला आणि भोवळ येऊन पडला, तर दोष सायकलीच्या माथी मारला जातो. ज्यांच्या पायांना रक्तदाबाच्या गोळ्यांनी आधीच जडपणा आला आहे, अशांना ही भीती पुन्हा कधी सायकलीजवळ फिरकू देत नाही.

आता पंखा कोणता, हा प्रश्न. छताचा पंखा तर प्रत्येक खोलीत असतोच. तेवढ्यावर भागणार नाही काय? माझ्या मते नाही. १,२०० मिलिमीटर व्यासाचा छतपंखा मिनिटाला २०० घनमीटरांहून अधिक हवा हलवितो खरा. परंतु ती साऱ्या खोलीत पसरते आणि वरून डोक्यावर व पाठीवर येते. पुढे झुकलेल्या माणसाची छाती, पोट आणि चेहरा कोरडेच राहतात. दिवसभर तापलेल्या स्लॅबच्या खाली तर छतालगतची गरम हवाच खाली ढकलली जाते. याउलट ४०० मिलिमीटरचा साधा उभा पंखा एकूण हवा कमी हलवितो, पण ती अरुंद झोताने फेकतो. पात्यांपाशी या झोताचा वेग रस्त्यावरच्या सायकलस्वाराला लागणाऱ्या वाऱ्याच्या तोडीचा असतो. बाजारात ज्याला 'फर्राटा' म्हणतात तो आणखी जोराचा. खोली मोठी असेल आणि आवाज सोसत असेल तर तोही चालेल. उंच खांबासारखे दिसणारे 'टॉवर' पंखे देखणे असतात, परंतु या कामासाठी त्यांचा झोत अपुरा वाटतो.

पंखा सायकलीच्या समोर दीड ते दोन मीटर अंतरावर ठेवावा आणि त्याचे तोंड छातीकडे करावे. मान फिरवीत राहणारा पंखा अर्धा वेळ भिंतीलाच वारा घालतो, म्हणून फिरण्याची कळ बंद ठेवावी. पंख्याच्या पाठीमागे उघडी खिडकी आणि समोरच्या बाजूला उघडे दार असावे; नाहीतर तीच दमट हवा खोलीत फिरत राहते. पहिली पाच मिनिटे वेग कमी ठेवावा, घाम सुटू लागताच वाढवावा, आणि उतरल्यावरही सावकाश पायडल मारीत काही मिनिटे वारा घ्यावा. खर्चाची चिंता नको. १०० वॅटचा पंखा रोज अर्धा तास चालविला तरी महिन्याला दीड युनिट वीज लागते. एवढ्या विजेत वातानुकूलन यंत्र एक-दोन तासही धड चालत नाही. शिवाय वातानुकूलित खोलीतही समोर पंखा लागतोच, कारण गार हवाही स्तब्ध असेल तर घाम वाळत नाही.

येथवर पंख्याची बाजू मांडली. त्याची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपली त्वचा सुमारे ३५ अंशांची असते. हवा त्याहून उष्ण झाली की वारा एका हाताने घाम वाळवितो आणि दुसऱ्या हाताने उष्णता अंगात भरतो. २०१९ साली सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. निरोगी तरुणांना पंख्यासमोर बसविले असता ४० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत पंख्याचा लाभ झाला. ४७ अंशांच्या, केवळ १० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेत मात्र पंख्याने शरीरावरचा ताण वाढविला. हे सारे स्वस्थ बसलेले होते. आपला मे महिना या दुसऱ्या प्रकारचा आहे. नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतप्यातील दुपार आपल्याकडेही काही सौम्य नसते. अशा वेळी पंख्यातून येते ती लूच. म्हणून खोलीत एक साधा तापमापक टांगावा. ३० अंशांपर्यंत पंख्यासह नेहमीचा व्यायाम करावा, ३० ते ३५ मध्ये वेळ कमी करावा, ३५ च्या वर पायडल हलके करावे, आणि ४० च्या आसपास सायकलीला रजा द्यावी. हे आकडे निरोगी माणसासाठी आहेत. हृदयरुग्णासाठी ते आणखी खाली आणावेत. उन्हाळ्यात संध्याकाळपेक्षा पहाट बरी, कारण सूर्य मावळला तरी स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडीत असते.

कूलरविषयी आपल्या भागात विशेष आस्था आहे, आणि ती एप्रिल-मे महिन्यांत योग्यच आहे. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असलेली हवा चांगल्या कूलरमधून २७-२८ अंशांपर्यंत उतरू शकते. मात्र खिडकी उघडी हवी. पोळ्याच्या सुमारास, जेव्हा जाम नदी भरलेली असते आणि हवा पाण्याने जड झालेली असते, तेव्हा तोच कूलर जेमतेम दीड अंश कमी करतो आणि खोलीत आणखी दमटपणा ओततो. पावसाळ्यात त्याचे पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा. टाकीतले पाणी आठवड्याला पूर्ण काढून ती घासून कोरडी करावी, अन्यथा हृदयाचे आरोग्य साधता साधता एडिस डासांचे संगोपन व्हायचे. लोखंडी कूलर असो वा पंखा, अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग हवाच. घामेजल्या हाताने कळ दाबणाऱ्याला याचे महत्त्व अधिक. कापसाच्या हंगामात पात्यांवर साचणारी धूळ व तंतू पुसले नाहीत, तर दम्याच्या रुग्णाच्या छातीत तेच जातात.

आपल्या वाडवडिलांनी पंख्यावाचूनच व्यायाम केला, असा आक्षेप काही ज्येष्ठ घेतील. तो आदराने ऐकावा, परंतु परंपरेचे म्हणणेही पूर्ण ऐकावे. 'अष्टांगहृदया'त वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीने, तोही थंडीत आणि वसंतात करण्यास सांगितले आहे; इतर ऋतूंत तो मंदच असावा, आणि ग्रीष्मात तर टाळावा, असा त्याचा आदेश आहे. वाडवडिलांचा आखाडा मोकळ्या हवेत असे आणि वेळ पहाटेची. आपण त्यांची मेहनत बंद खोलीत आणली आणि त्यांची हवा तेवढी बाहेर ठेवली.

२०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. आरोग्याच्या मोठ्या सुविधा यथावकाश येतील, यावाव्यातही. परंतु रुग्णाने सुरू केलेला व्यायाम टिकावा, यासाठी कोणत्याही अनुदानाची प्रतीक्षा करावी लागत नाही. पुढच्या वेळी 'घरी सायकल चालवा' असे लिहिताना त्याखाली एवढेच जोडावे : 'पहाटे, खिडकी उघडी ठेवून, समोर उभा पंखा लावून, खोली ४० अंशांना पोहोचली तर विश्रांती.' हे लिहिण्यास अर्धे मिनिट पुरते, आणि रुग्ण वर्षभर सायकलीवर राहण्याची शक्यता त्यामुळे पुष्कळ वाढते.