‘अस्पर्श’ अरण्याची एकदिवसीय सहल

प्रवासवर्णनातील काही विशेषणे वापरून गुळगुळीत होतात. काही मुळातच खोटी असतात. ‘अस्पर्श’ हे दुसऱ्या जातीचे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या ईशान्य किनाऱ्यावर पाठीवर पिशवी टाकून हिंडून आलेल्यांचे लेखन वाचताना ते हटकून भेटते. केर्न्सच्या हॉस्टेलात मुक्काम, एक दिवस प्रवाळांना, एक दिवस डेनट्रीच्या वर्षावनाला. सकाळी बस सुटते, फेरीतून नदी ओलांडली जाते, लाकडी पाऊलवाटेवरून तासभर चालणे होते आणि संध्याकाळी लेखक ‘मानवाचा स्पर्श न झालेल्या’ अरण्यातून परततो. ती पाऊलवाट कोणी बांधली, एवढा साधा प्रश्नही त्याला पडत नाही.

आमचा आक्षेप केवळ शैलीला नाही. हे अरण्य ईस्टर्न कुकू यलांजी लोकांचे आहे. येथील विषारी बिया भाजून, किसून, वाहत्या पाण्यात धुऊन खाण्याजोग्या करण्याची विद्या वर्षावनातील आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. जेथे कोणी स्वयंपाक केला, त्या जागेस अस्पर्श म्हणणे हे त्या माणसास नाहीसे करणे होय. नकाशाने ते आधीच केले होते. जून १७७० मध्ये कॅप्टन कुकचे जहाज जवळच्या प्रवाळखडकावर आदळले आणि त्याने भूशिराला ‘केप ट्रिब्युलेशन’, म्हणजे संकटाचे भूशिर, असे नाव दिले. एका जहाजाची आपत्ती भूगोल झाली; ‘कुल्की’ हे तेथील लोकांचे नाव मागे पडले. १९८८ साली या प्रदेशास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तोही केवळ नैसर्गिक निकषांवर. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये डेनट्रीसह चार राष्ट्रीय उद्यानांची १,६०,००० हेक्टरांहून अधिक भूमी कुकू यलांजींच्या मालकीत परत आली. यानंतरही जो लेखक ‘अस्पर्श’ लिहितो, त्याची भाषा तेथील कायद्याच्याही मागे आहे.

हे अरण्य आपोआप उरले, असेही नाही. १९८३-८४ मध्ये केप ट्रिब्युलेशनपासून उत्तरेस रस्ता काढण्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा निदर्शक त्यांच्या वाटेत उभे राहिले. रस्ता झालाच, पण त्या संघर्षाने अरण्याचा प्रश्न देशापुढे आणला, आणि पुढे वारसा-नोंदणी झाली ती क्वीन्सलँड सरकारचा विरोध डावलून. सहलीत दिसणारी हिरवाई ही अशी राजकारणातून वाचलेली आहे. बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या ऊसमळ्यांनाही इतिहास आहे: १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरून सुमारे ६२,००० मजूर क्वीन्सलँडमध्ये आणले गेले, त्यांतले कित्येक फसवून वा पळवून.

यावर कोणी म्हणेल, प्रवासवर्णन हे आत्मनिष्ठ ललितगद्य आहे. त्याच्याकडून इतिहासाची अपेक्षा का धरावी? ठीक, आत्मनिष्ठाच तपासू. या किनाऱ्यावरील कित्येक बॅकपॅकर टली-इनिसफेल भागातील केळीच्या बागांत राबतात. अशा शेतीकामावर त्यांच्या व्हिसाचे पुढचे वर्ष अवलंबून असते. घड खांद्यावर वाहणे, मजुरीचा हिशोब, दाटीवाटीची खोली, हा त्यांचा खरा ‘आत्म’. लेखनात मात्र बाग गळते आणि एका दिवसाचे अरण्य उरते. २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने भारतीय तरुणांनाही दरसाल १,००० ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा खुले केले आहेत. तेव्हा हे अनुभव मराठीतही येतील. ते कोणत्या साच्यात ओतले जाणार, याची चिंता मराठीच्या अध्यापकांनी नाही करायची तर कोणी?

साचा दुसरा नाही, असे नव्हे. दक्षिणेच्या आशेने वरसईहून उत्तरेस निघालेले गोडसे भटजी ऐन १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. भटजी कोणाकडे उतरले, काय मिळाले, काय लुटले गेले, हे सारे त्यात आहे. ज्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते, त्याला त्या घरची माणसे दिसतातच. पुस्तक आपण अभ्यासक्रमात नेमतो. त्यातली ही दृष्टी मात्र परीक्षेच्या टिपणांत हरवते.

हा वाद सातासमुद्रापलीकडचा समजून कोणी सोडून देऊ नये. पश्चिम घाट २०१२ साली जागतिक वारशात आला; त्यात कोयना आणि चांदोली आहेत. चांदोलीच्या अरण्यासाठी उठवलेल्या गावांतील मुले आज कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात मराठी शिकत असतील. त्यांच्यापुढे आपण ‘अस्पर्श सह्याद्री’ असा निबंध आदर्श म्हणून वाचून दाखवणार काय?

आमची मागणी माफक आहे. प्रवासवर्णन तपासताना विद्यार्थ्यास तीन प्रश्न विचारावेत: या जागेला तेथील लोक काय म्हणतात? ती आज कोणाची आहे? आणि लेखकाचा खर्च कोठून निघाला? या तिन्हींची उत्तरे ज्या लेखनात नाहीत, त्याला निसर्गवर्णनाबद्दल गुण देणे आपण थांबवू या.