तारांचे जंजाळ आणि बेवारस ग्राहक

हैदराबादेतील रामंतापूर येथे ऑगस्ट २०२५ मध्ये गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीतील रथास विजेचा प्रवाह लागून पाच जण प्राणास मुकले. त्यानंतर तेलंगण सरकार खडबडून जागे झाले आणि विजेच्या खांबांवर लोंबकळणाऱ्या केबली तोडण्याचा सपाटा सुरू झाला. अनेक वस्त्यांतील इंटरनेट बंद पडले. एअरटेल कंपनी उच्च न्यायालयात गेली. तेथे अनधिकृत तारांना अभय मिळाले नाही, हे योग्यच झाले. पाच जिवांपुढे कोणाचेही इंटरनेट मोठे नव्हे. परंतु तुटलेल्या तारेच्या दुसऱ्या टोकाशी दरमहा बिनचूक पैसे भरणारा ग्राहक बसला होता, त्याचा वाली कोण?

स्पर्धा आली की सेवा आपोआप सुधारते, असे आपल्याला तीन दशके ऐकवले जात आहे. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठण्याचे दिवस आम्ही पाहिले आहेत. त्यांची आस आम्हांस मुळीच नाही. स्पर्धेने दर खाली आणले, हेही खरे. पण त्याच स्पर्धेने एका खांबावर दहा जणांच्या तारा चढवल्या आणि मेलेली तार उतरवण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेतली नाही. शिवाय मोबाइलच्या बाजारात एके काळी डझनभर कंपन्या होत्या, आता तीन खासगी आणि एक सरकारी एवढ्याच उरल्या आहेत. याला स्पर्धा म्हणावयाचे, तर म्हणा बापडे!

१९९७ साली स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, प्रादेशिक कार्यालय हैदराबादेतच आहे. परंतु एकट्यादुकट्या ग्राहकाची तक्रार निवारण्याचा अधिकार ट्रायला नाही. तक्रार कंपनीकडे करावयाची आणि अपीलही त्याच कंपनीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे! ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच ओसरीवर पंचायत. कॉल तुटल्यास ग्राहकास एक रुपया द्यावा, हा ट्रायचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द ठरवला. २०२४ च्या नव्या नियमांनी दंड वाढवला, घरची जोडणी तीन दिवसांहून अधिक बंद राहिल्यास भाड्यात सूट देवविली. आम्ही त्यांचे स्वागतच करतो. पण हे नियम कंपनीची सेवा मोजतात. खांब राज्याच्या वीज कंपनीचा, रस्ता महापालिकेचा आणि तार खासगी. सरकारनेच तार तोडली तर ग्राहकाने कोणाचे दार ठोठवावे?

हा प्रश्न दूरच्या भाग्यनगरीचा म्हणून गोमंतकीयांनी सोडून देऊ नये. आपल्याकडेही वीज खांबांवरील केबलींचा वाद न्यायालयापर्यंत गेला आहे. प्रत्येक तारेवर मालकाचे नाव असावे, ती तोडण्यापूर्वी कंपनीबरोबर ग्राहकासही आगाऊ सूचना मिळावी आणि ट्रायच्या प्रादेशिक कार्यालयास वैयक्तिक तक्रारी ऐकण्याचा अधिकार मिळावा, अशी आमची मागणी आहे. पहिल्या दोन गोष्टी राज्य सरकार आपल्या अखत्यारीत करू शकते. तिसरीसाठी १९९७ चा कायदा बदलावा लागेल; आमच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात हा विषय काढावा.