तळघराची हवा आधी मोजा

आमच्या कचेरीतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सहकारी गेल्या हिवाळ्यात एका रविवारी पत्नीसह घरी आले. चेहरे उतरलेले होते. त्यांची मुलगी व जावई अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरीला आहेत. तेथे ते घर विकत घेणार होते. मुलीचे दिवस भरत आलेले, म्हणून बाळंतपणासाठी हे दोघे सहा महिने तिकडे जाणार होते आणि त्यांची झोपायची सोय तळघरातल्या खोलीत होणार होती. अशात घराच्या तपासणीत रेडॉन नावाचा वायू निघाला. आकडा आला 11. ‘‘अहो, तुम्ही वाचता-लिहिता. हे काय प्रकरण आहे? मुलगी म्हणते, घर सोडून देऊ या.’’

कबूल करतो, आम्ही घाईने सांगून टाकले की, हा दुरुस्तीवाल्यांचा धंदा असणार. न दिसणारे भूत दाखवायचे आणि पैसे काढायचे. त्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘‘दिसत नाही म्हणून नाहीच, असं कसं म्हणता भाऊ?’’ आम्ही खजील झालो. मग आठवडाभर वाचले. जे कळले ते येथे मांडतो, कारण आज आपल्याही अनेक घरांतली मुले-मुली शिकून थंड देशांत संसार थाटत आहेत.

जमिनीत, खडकात थोडेफार युरेनियम असतेच. त्याचे विघटन होत होत रेडियम बनते आणि रेडियमपासून रेडॉन. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उघड्यावर तो हवेत विरून जातो. पण कोब्याच्या भेगा, नळांभोवतीच्या फटी यांतून घरात शिरला आणि दारे-खिडक्या बंद असल्या की साठतो. थंडीत घरातली गरम हवा वर जाते व खालून जमिनीतली हवा ओढली जाते, म्हणून हिवाळ्यात आकडा बहुधा वाढतो. श्वासावाटे आत गेलेले त्याचे किरणोत्सारी कण फुफ्फुसांना इजा करतात आणि वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे त्या देशात दरवर्षी सुमारे 21,000 माणसे रेडॉनमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरतात. त्यांतील सुमारे 2,900 जणांनी कधी विडी-सिगारेट ओढलेली नसते.

हा धोका शास्त्रज्ञांना कळला तो खाणकामगारांच्या फुफ्फुसांवरून. अमेरिकेतल्या युरेनियमच्या खाणींत तेथील मूळ रहिवासी नवाहो जमातीचे अनेक मजूर राबले. खाणींत हवा खेळती ठेवली गेली नाही. 1950 मध्ये सरकारी आरोग्य खात्याने कामगारांच्या प्रकृतीचा अभ्यास सुरू केला, पण धोका काय आहे हे त्यांना सांगितले नाही. अखेर 1990 मध्ये कायदा करून सरकारने माफी मागितली व नुकसानभरपाई देऊ केली. आज आपल्या हाती असलेल्या या ज्ञानाची किंमत त्या मजुरांनी मोजलेली आहे. म्हणून ते कपाटात ठेवण्यासारखे नाही.

घरांतल्या रेडॉनकडे लोकांचे लक्ष वेधले गेले ते डिसेंबर 1984 मध्ये आणि तेही पेनसिल्व्हेनियातच. लिमरिक येथील अणुवीज प्रकल्पातले अभियंता स्टॅनली वॉट्रस यांच्या अंगावरील किरणोत्साराने धोक्याची घंटा वाजू लागली. प्रकल्प अजून वीज निर्माण करीतही नव्हता! शोध घेता दोष घराचा निघाला. लिटरमागे चार पिकोक्युरी या मापाला दुरुस्ती करावी असे तेथे सांगतात, तर यांच्या घरात ते माप 2,700 च्या आसपास होते. कुटुंबाला घर सोडावे लागले. पण दुरुस्ती झाल्यावर पुढच्या वर्षी ते त्याच घरात परत राहायला आले, हेही लक्षात ठेवावे.

आता मोजायचे कसे? शेजाऱ्याचा आकडा आपल्या कामाचा नाही, कारण लागून असलेल्या दोन घरांतही फार फरक पडतो. तपासणीची डबी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. घरातल्या सर्वांत खालच्या, वापरातल्या मजल्यावर, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ती ठेवावी. स्वयंपाकघर, न्हाणीघर व वाऱ्याचा झोत टाळावा. बारा तास आधीपासून खिडक्या व बाहेरची दारे बंद ठेवावीत. येण्या-जाण्यापुरते दार उघडण्यास हरकत नाही. निदान 48 तासांनी डबी बंद करून लगेच प्रयोगशाळेकडे पाठवावी. आकडा चार किंवा अधिक आला तर दुसरी चाचणी घ्यावी आणि तोही तसाच आला तर दुरुस्ती करावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये याहूनही कमी, म्हणजे घनमीटरला 100 बेक्वेरेल, ही मर्यादा सुचविली. अमेरिकेचे चार म्हणजे सुमारे 148.

दुरुस्ती अगदी साधी आहे. कोब्याला भोक पाडून प्लास्टिकचा नळ खाली उतरवितात. माळ्यावर किंवा घराबाहेर बसविलेला पंखा जमिनीखालची हवा ओढून छपराच्या वर सोडून देतो. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. पंखा बसल्यावर पुन्हा मोजावे व दर दोन वर्षांनी मोजत राहावे. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती आधी सुटली पाहिजे. चार या मापाच्या हवेत आयुष्य काढणाऱ्या दर हजारी सिगारेट ओढणाऱ्यांत सुमारे 62 जणांना, तर कधीच न ओढणाऱ्यांत सुमारे सात जणांना हा कर्करोग होण्याचा अंदाज आहे. आम्ही हिशेबाची माणसे. हा ताळेबंद आम्हाला पुरेसा बोलका वाटतो.

तळघरात भाड्याने राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनीही डबी ठेवून पाहावी आणि आकडा घरमालकापुढे लेखी मांडावा. भाडेकरूचे फुफ्फुस काही स्वस्त नसते.

आपल्याकडे काय? आपली बहुतेक घरे तळघराविना असतात आणि दारे-खिडक्या वर्षातला बराच काळ उघड्या. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्यावर वसला आहे त्या काळ्या बेसाल्ट खडकात युरेनियमही ग्रॅनाइटपेक्षा कमी. घाबरण्याचे कारण नाही. मात्र तळमजल्याची खोली वातानुकूलनासाठी कायम बंद ठेवू नये. दिवसातून काही वेळ हवा खेळू द्यावी.

आमच्या सहकाऱ्यांना आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. हा धोका अनेक वर्षांच्या श्वासांनी साचतो, तेव्हा सहा महिन्यांच्या मुक्कामाची धास्ती नको. पण जे बाळ त्या घरात वाढणार, त्याच्यासाठी दुरुस्ती हवीच. मुलीने घर सोडले नाही. विकणाऱ्याकडून नळ व पंखा बसवून घेतला आणि पुन्हा मोजले. आकडा दीडच्या आत आला. आता तळघरातल्या त्या खोलीत नात रांगते आहे. वहिनींनी फोनवर आठवण करून दिली, ‘‘भाऊ, तुम्ही धंदा म्हणाला होता!’’

म्हणाला होतो खरे. मोजल्याशिवाय बोललो, एवढेच आमचे चुकले.