दीड रुपयाचा हिशोब

'प्रीपेड' हा शब्द आपल्याकडे आला तेव्हा तो अगदी सज्जन वाटला होता. आधी पैसे टाका, मग बोला. उधारी नाही, महिनाअखेरीची धडधड नाही. जेवढे टाकाल तेवढेच जातील. आमच्या टोकावड्यासारख्या गावात मोबाईल घरोघरी पोचला तो याच भरवशावर. पोस्टपेडला पत्त्याचा पुरावा हवा, डिपॉझिट हवं, आणि मुख्य म्हणजे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला हातात पैसा हवा. इथे पैसा तारखेला येत नाही. भात झोडून झाल्यावर येतो, वीटभट्टीच्या उचलीतून येतो, जांभळं-करवंदं विकली की चार दिवस येतो आणि मग येत नाही. अशा माणसाला प्रीपेड म्हणजे मापात शिवलेला सदराच.

पण या व्यवहारात एक गोष्ट हातची गेली, आणि ती गेली हे बराच काळ कुणाच्या लक्षातही आलं नाही. बिल म्हणजे नुसती भीती नसते हो, बिल म्हणजे हिशोबही असतो. पोस्टपेडवाल्या साहेबांच्या घरी दर महिन्याला यादी येते. कुठल्या नंबरला, किती वाजता, किती पैसे. नको असलेला आकार दिसला की साहेब फोन उचलून भांडतात. प्रीपेडवाल्याला काय मिळतं? स्क्रीनवर क्षणभर उमटणारी एक इंग्रजी ओळ. ती वाचता येईपर्यंत बोटाने कुठलं तरी बटण दाबलं जातं आणि ओळ गायब. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रीपेडमध्ये पैसे कापले जातात ही खरी तक्रार नाही. ते कशाचे कापले हे विचारायची जागाच ठेवलेली नाही, ही तक्रार आहे.

आधी जरा आकडे पाहू. दहा रुपयांचा टॉपअप मारला की जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वजा जाऊन हातात ७ रुपये ४७ पैसे पडतात. पॅकमध्ये मेसेज नसतील किंवा संपले असतील तर साधा एसएमएस या मुख्य बॅलन्समधून जातो. स्थानिक असेल तर एक रुपया, बाहेरचा असेल तर दीड, असे साधारण दर आहेत. म्हणजे दहा रुपयांत दीड रुपयाचे मेसेज किती? चार. पाचवा तीन पैशांनी अडतो. हा हिशोब मी मुद्दाम मांडून पाहिला, कारण 'दीड रुपयाचं काय एवढं' असं म्हणणारा माणूस हमखास वरच्या महागड्या पॅकवाला असतो. त्याला रोज शंभर मेसेज फुकट असतात आणि तो वर्षातून चार पाठवतो. ज्याच्या पॅकमध्ये मेसेज नाहीत त्यालाच ते विकत घ्यावे लागतात.

आता कुणी म्हणेल, हल्ली एसएमएस पाठवतो कोण? सगळे व्हॉट्सॲपवर. बरोबर आहे. माणसं पाठवत नाहीत, फोन पाठवतो. यूपीआयचं ॲप पहिल्यांदा सुरू करताना, फोन बदलल्यावर, सिम बदलल्यावर, ॲप काढून परत टाकल्यावर, हा नंबर याच फोनमधला आहे हे पटवण्यासाठी ॲप तुमच्या फोनमधून एक एसएमएस सोडतं. त्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात मेसेजचा आकार लागू शकतो असं लिहिलेलं असतं. माणूस 'अलाऊ, अलाऊ' दाबत पुढे जातो, कारण न दाबलं तर पुढे जाताच येत नाही.

मुंबईत हा मेसेज डोळ्यांदेखत जातो आणि खूण हिरवी होते. आमच्याकडे डोंगराच्या कुशीत रेंजची एक दांडी येते-जाते. मेसेज निघतो, ॲप वाट बघतं, वेळ संपते, 'पुन्हा प्रयत्न करा'. पुन्हा दाबलं की पुन्हा मेसेज, आणि पुन्हा दीड रुपया. मेसेज फोनमधून निघाला की पैसे कापले गेले. पलीकडचं काम झालं की नाही याच्याशी त्या कापण्याचा संबंध नाही. ऑगस्ट २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले, तेव्हा गावातल्या कितीतरी बायकांनी पहिल्यांदा स्वतःच्या फोनवर खातं बघायची हौस धरली. चांगली गोष्ट झाली. त्याच सुमारास आळीतल्या एक मावशी फोन घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊ, सकाळी दहा टाकलेले, आता दीड रुपया उरलाय. कुणाला फोन नाही लावला, काही नाही. कुणी खाल्ले?" मेसेजच्या पेटीत एकाच नंबरला गेलेले चार मेसेज होते, इंग्रजी अक्षरांची लांबच लांब लड असलेले. मावशींनी ते लिहिलेले नव्हते, त्यांना ते वाचता येत नव्हते, आणि चारही वेळा ॲप काही सुरू झालं नव्हतं. मी काय सांगणार? तुमच्याच फोनने खाल्ले, असं सांगितलं. ते त्यांना पटलं नाही, आणि मला सांगतानाही ते धड वाटलं नाही.

हा प्रकार नवा नाही, फक्त रूप बदललंय. जुने लोक 'ब्लॅकआऊट डे' विसरले नसतील. वर्षभर स्वस्त मेसेजचं पॅक वापरायचं आणि दिवाळीला, नववर्षाला, म्हणजे मेसेज पाठवायचा खरा दिवस उजाडला की पॅक लागू नाही, पूर्ण दर! असे दिवस वर्षात पाचपेक्षा जास्त नकोत आणि ते आधी सांगायला हवेत, असं ट्रायला सांगावं लागलं. मग जाहिरातीच्या मेसेजांचा सुळसुळाट आवरायला नोव्हेंबर २०१२ मध्ये नियम झाला की एका सिमवरून दिवसाला शंभर मेसेज झाले की पुढच्या प्रत्येकाला किमान ५० पैसे. ते जून २०२० मध्ये काढलं. मधल्या आठ वर्षांत कॉलेजातल्या किती पोरांनी त्या पन्नास पैशांत बॅलन्स घालवला असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आणि ते पॉपअप! फोन खिशातून काढावा तर स्क्रीनवर आपोआप काहीतरी आलेलं: क्रिकेट, विनोद, राशिभविष्य, हॅलो ट्यून. खाली 'ओके'. साध्या बटणांच्या फोनवर तो 'ओके' बरोब्बर अशा जागी की अंगठा तिथेच पडावा. महिन्याला तीस रुपये. ज्या म्हाताऱ्याला फोन आला की कुठलंतरी सिनेमाचं गाणं वाजायचं, त्या म्हाताऱ्याला स्वतःला ते कधी ऐकूच यायचं नाही. आपल्या फोनचं गाणं समोरच्यालाच ऐकू येतं ना! पैसे भरणारा एकटा तेवढा त्यापासून वंचित. याविषयी ट्रायने २०१३ मध्ये चांगलं पाऊल उचललं, हे मान्य करायला हवं. ग्राहकाने दोनदा होकार दिल्याशिवाय अशी सेवा सुरू करायची नाही, आणि बंद करायला सगळ्या कंपन्यांना एकच फुकट नंबर, १५५२२३. त्यानंतर हा त्रास खरोखर बराच कमी झाला. पण हा नंबर टोकावड्याच्या बाजारात दहा जणांना विचारून बघा. मी विचारून पाहिलाय. एका रिचार्जवाल्याला माहीत होता.

आमच्या भागाचं आणखी एक दुखणं होतं. मोबाईलच्या नकाशात कल्याण मुंबई सर्कलमध्ये आणि टोकावडे महाराष्ट्र सर्कलमध्ये. एकाच जिल्ह्यातली गावं, एकाच एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं, पण वाटेत कुठेतरी अदृश्य हद्द लागायची आणि फोन 'रोमिंग'मध्ये जायचा. भाजी घेऊन कल्याणच्या बाजारात गेलेल्याने 'पोचलो' एवढं कळवलं तरी दर वेगळा. २०१३ मध्ये रोमिंगमधल्या मेसेजला स्थानिकसाठी १ रुपया आणि बाहेरच्यासाठी दीड रुपया अशी कमाल मर्यादा होती. १ मे २०१५ पासून ती २५ आणि ३८ पैशांवर आली. रुपयाचे पंचवीस पैसे करूनही कुठली कंपनी त्या कारणाने बुडाल्याचं ऐकलं नाही.

यावरून नाणेघाट आठवतो. टोकावड्याहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे गाठलं की पुढे ती जुनी वाट वर चढते. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारे व्यापारी त्यात जकात टाकत, असं सांगतात. जकात कुणालाच आवडत नाही, दोन हजार वर्षांपूर्वीही आवडत नसणार. पण निदान नाणं आपल्या हाताने टाकायचं, ते खण्णकन वाजायचं, आणि किती गेलं ते बैलाच्या दोरीला धरून उभ्या असलेल्या माणसाला कळायचं.

दीड रुपया क्षुल्लक आहे, हे म्हणणं एका माणसापुरतं खरं आहे. पलीकडे बसून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. २००७ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'च्या तिसऱ्या पर्वात प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' नावाची स्पर्धा होती. उत्तर एसएमएसने पाठवायचं, एका मेसेजला २ रुपये ४० पैसे. किती मेसेज आले? ५ कोटी ८० लाख. गुणाकार केला तर १३ कोटी ९२ लाख रुपये होतात. 'सोसायटी ऑफ कॅटॅलिस्ट्स' नावाची ग्राहकसंस्था राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेली. बक्षिसाचा खर्च लोकांच्याच मेसेजमधून निघतो आणि हे त्यांना सांगितलं जात नाही, असं तिचं म्हणणं. आयोगाने २००८ मध्ये स्टार इंडिया आणि एअरटेलला एक कोटीचा दंड सुनावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, कारण बक्षिसाचे पैसे मेसेजच्या पैशांतूनच दिले गेले याचा पुरावा समोर नव्हता. न्यायालयाचं बरोबर असेल. पण बघा, तिथेही अडलं ते हिशोबापाशीच.

मेसेज पोचवायला खर्च येतो, हे कुणी नाकारत नाही. तो किती येतो याचाही थोडा अंदाज बांधता येतो. एका कंपनीचा मेसेज दुसरीच्या ग्राहकाला पोचवून देण्याबद्दल पहिलीने दुसरीला किती द्यायचे, हे ट्रायने २०१३ मध्ये ठरवलं. २ पैसे. बाकीचा खर्च धरा, नफा धरा, टॉवरचं डिझेल धरा. तरी २ पैसे आणि दीड रुपया यांमधलं अंतर टोकावडे ते कल्याण यापेक्षा जास्तच भरतं.

तर मग हिशोब मागायचाच नाही का? मागता येतो. २०१२ च्या दूरसंचार ग्राहक संरक्षण नियमांत तशी सोय आहे, आणि ती वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. प्रीपेड ग्राहकाने मागितलं तर कंपनीने त्याला वापराचा तपशीलवार हिशोब द्यायचा. मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा. तीस दिवसांत. आणि त्यासाठी ग्राहकाकडून पन्नास रुपयांपर्यंत आकार घ्यायची मुभा. मावशींचे गेले सहा रुपये. ते कुठे गेले हे कागदावर बघायला पन्नास मोजायचे आणि महिनाभर थांबायचं! पोस्टपेडवाल्याला जे दर महिन्याला आपोआप मिळतं, ते ज्याच्याकडे पैसे कमी त्याने विकत घ्यायचं. ज्यांनी हे लिहिलं त्यांचा हेतू वाईट नसेल. उगाच कुणी शंभरदा मागू नये म्हणून आकार ठेवला असेल. पण गावातला किराणावालासुद्धा उधारीच्या वहीत पाच रुपयांची चहापूड तारीख घालून लिहितो, आणि वही बघायचे पैसे घेत नाही.

मला ट्रायची नुसती निंदा करायची नाही. २०२१ च्या अखेरीला स्वस्त पॅकांमधून मेसेज काढून टाकल्यामुळे लोकांना दुसऱ्या कंपनीत जायला १९०० या नंबरवर 'पोर्ट'चा मेसेजच पाठवता येईना, म्हणजे दार उघडं पण उंबरा चढायला पैसे. तेव्हा ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये लगेच आदेश काढला की पॅक कुठलंही असो, १९०० वर मेसेज गेलाच पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि मेसेज असलेलं पॅक ठेवा, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती आलीही. पण तीन महिन्यांच्या त्या पॅकला एकरकमी चारशेच्या वर मोजावे लागतात. उचलीवर जगणाऱ्या घरात एकरकमी चारशे म्हणजे काय, हे पॅक ठरवणाऱ्यांनी एकदा भट्टीवर येऊन विचारावं.

१९०० ला जमलं ते इतरांना का जमू नये? बँकेच्या खात्याची पडताळणी करणारा मेसेज माणूस गंमत म्हणून पाठवत नाही. सरकार म्हणतं डिजिटल व्हा, बँक म्हणते ॲप घ्या, आणि त्या दारातल्या पहिल्या पायरीचं भाडं मात्र मावशींच्या सात रुपये सत्तेचाळीस पैशांतून. तो मेसेज तरी फुकट करा. आणि शेवटच्या दहा कपाती, मराठीत, एका मिसकॉलवर मेसेजने पाठवा. हिशोब कंपनीच्या संगणकात असतोच, नसता तर पैसे कापले कशाच्या आधारावर?

तोवर लोकांनी आपापला उपाय काढलाय. इथे बरेच जण मुख्य बॅलन्स मुद्दाम शून्यावर ठेवतात. पॅक तेवढं मारायचं, वर टॉपअप टाकायचाच नाही. नसलेले पैसे कोण कापणार? मावशीही आता तसंच करतात. त्यांचं यूपीआय अजून सुरू झालेलं नाही. तो मेसेज जायला बॅलन्स लागतो.