पोलादाला वळण लावणारीं यंत्रें

मुलाला वळण लावणें आणि रुळाला वळण देणें या दोन्ही कामांसाठीं आपल्या भाषेनें एकच शब्द योजिला आहे. पहिल्या विषयाची चर्चा कुटुंबाकुटुंबांतून नेहमींच चालते. दुसऱ्याकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. घाटांतून जातांना आगगाडीच्या खिडकींतून आपलेंच इंजिन वळणावर दिसूं लागलें म्हणजे मुलें टाळ्या पिटतात, मोठीं माणसें त्यांना डोकें आंत घ्यावयास सांगतात, आणि तेवढ्यांत तें वळण मागें पडतें. पण कारखान्यांतून बाहेर पडणारा रूळ तर अगदीं सरळ असतो. ज्याच्या एका मीटरचें वजन ५२ किंवा ६० किलो, म्हणजे जवळजवळ एका प्रौढ माणसाइतकें भरतें, असा हा पोलादाचा वासा कोण वांकवितो, आणि वांकविल्यावर तो तसाच कां राहतो, हें पाहण्यासारखें आहे.

पहिली आश्चर्याची गोष्ट ही कीं, मुख्य मार्गावरील बहुतेक वळणांत रूळ कोणी वांकविलेलाच नसतो! ५०० मीटर त्रिज्येचें एक वळण घ्या. त्यावर १३ मीटर लांबीचा रूळ ठेवला, तर त्याचा मध्य सरळ रेषेपासून अवघा ४ सेंटिमीटर बाजूला सरकावा लागतो. एवढें काम पहारी घेतलेले चार गडी सहज करतात. रूळ रेटून जागेवर बसवावयाचा आणि स्लीपरांशीं जखडून टाकावयाचा, कीं झालें. तो वांकलेला दिसतो खरा, पण मनानें सरळच असतो. बंधनें काढलीं तर पुन्हां ताठ होईल. भिलाईच्या कारखान्यांतून २६० मीटर लांबीचे जोडलेले रूळ निघतात, ते एकामागें एक लावलेल्या अनेक उघड्या वाघिणींवर आडवे घालून नेतात. गाडी वळली कीं हे रूळही तिच्याबरोबर वेतासारखे वळतात आणि गाडी सरळ झाली कीं सरळ होतात. ज्यानें हें दृश्य पाहिलें, त्याची पोलादाच्या कठोरपणाविषयींची कल्पना कायमची बदलते.

याचें मर्म घरांतल्या दोन वस्तूंवरून ध्यानांत येईल. छत्रीची काडी वांकवून सोडा. ती टणकन् पूर्ववत् होते. बांधकामाची मऊ तार वांकवा; ती तशीच राहते. दोन्ही लोहाच्याच जातीच्या, पण त्यांच्या सहनशक्तीची मर्यादा निराळी. कोणतीही कांब वांकविली म्हणजे तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आंतली आखडते, आणि मधला एक थर ना लांब होतो ना आंखूड. हा ताण थोडा असेपर्यंत जितका जोर तितकेंच ताणणें, हा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. जोर गेला कीं ताणही जातो. परंतु एका मर्यादेपलीकडे पोलाद माघार घेतें आणि तेथून पुढचा बदल कायमचा होतो. रुळाच्या पोलादाची ही मर्यादा एका मीटरला सुमारें २ मिलिमीटर ताणण्याची असते. ५२ किलोच्या रुळाचा तळ १३६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे मधल्या थरापासून बाहेरची कड ६८ मिलिमीटर दूर. यावरून हिशेब केला तर ५०० मीटरच्या वळणावर ती कड मीटरमागें ०·१४ मिलिमीटरहि ताणली जात नाहीं. कायमचा वांक पडावयास हा रूळ ३० ते ३५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळापर्यंत आणावा लागेल.

मग यंत्राचें प्रयोजन काय ? प्रयोजन सांध्यापाशीं उत्पन्न होतें. रुळाचा मध्य दोन्ही बाजूंनीं धरलेला असतो, पण त्याच्या टोकाला पुढें धरणारें कोणी नसतें. दोन रुळांच्या टोकांना फिशप्लेट नांवाच्या पट्ट्या लावून बोल्टांनीं आवळतात, त्यांच्यावरच सगळा भार येतो. वळण जों जों तीव्र, तों तों ताठ होऊं पाहणारें टोक बाहेरच्या अंगाला जास्त रेटा देतें. बोल्ट थोडे सैल झाले, स्लीपर जुना झाला, कीं सांध्यावर वळणाऐवजीं कोपरा पडतो. वळणावरून धांवणाऱ्या चाकाची कडा आधींच बाहेरच्या रुळाला घासत असते; तिला असा कोपरा भेटला तर धक्का बसतो, धक्क्यानें कोपरा आणखी वाढतो, आणि एखाद्या दिवशीं चाक रुळावर चढून पलीकडे उतरतें. म्हणून तीव्र वळणाचा रूळ जागेवर जाण्यापूर्वींच वांकविलेला असावा लागतो. त्यानें मनापासून वळलेलें असावें, जबरदस्तीनें नव्हे. मुंबईच्या रस्त्यांतून १८७४ पासून १९६४ पर्यंत ट्राम धांवली. तिच्यासारख्या शहरी वाहनांना रस्त्याच्या चौकांतच वळावें लागतें. असे कोपरे रूळ आधीं वांकविल्याशिवाय साधतच नाहींत. डोंगरी लोहमार्गांची गोष्टही तीच.

आपल्याकडे याचें घरगुती ओळखीचें उदाहरण म्हणजे नेरळ-माथेरानचा मार्ग. सर आदमजी पीरभाय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या खटपटीनें तो १९०७ सालीं सुरू झाला. दोन रुळांमधील अंतर अवघें दोन फूट, लांबी सुमारें २० किलोमीटर, आणि चढ कांहीं ठिकाणीं विसांत एक. डोंगर फोडण्यापेक्षां डोंगराच्या कलानें जावयाचें ठरविल्यामुळें सगळा मार्ग वळणांनींच भरला आहे. तेथें वाफेचीं जीं जर्मन इंजिनें आणलीं, त्यांच्या पहिल्या व शेवटच्या आंसांनाही बाजूला सरकण्याची थोडी मोकळीक ठेवावी लागली होती. इंजिनानें एवढें नमतें घेतल्यावर रुळानें ताठ राहून कसें चालेल ?

जागेवर रूळ वांकविण्याचें सर्वांत जुनें व साधें साधन म्हणजे ज्याला इंग्रज कामगार ‘जिम क्रो’ म्हणत तें. आपल्याकडील गँगमध्येंही तेंच नांव चालतें. ओतीव किंवा घडीव लोखंडाचें एक भक्कम धनुष्य कल्पा. त्याच्या दोन्ही टोकांना आंकडे. ते रुळाच्या एका अंगाला दोन ठिकाणीं धरतात. धनुष्याच्या मध्यांतून बाणाप्रमाणें एक जाड मळसूत्र आलेलें असतें, तें रुळाच्या दुसऱ्या अंगाला मधोमध टेकतें. लांब दांडा घालून मळसूत्र फिरविलें कीं मध्यावर दाब येतो व दोन आंकड्यांमधला रूळ किंचित् वांकतो. मग यंत्र हातभर पुढें सरकवावयाचें आणि पुन्हां फिरवावयाचें. दांडा जितका लांब आणि मळसूत्राचे आटे जितके दाट, तितकें माणसाचें बळ गुणिलें जातें. मात्र त्या प्रमाणांत हातांना फेरेही अधिक घालावे लागतात. यंत्रशास्त्रांत फुकट कांहींच मिळत नाहीं.

या साध्या यंत्रांत कौशल्य आहे तें सोडण्यांत. कामगार दाब देतो तेव्हां दिसणारा वांक आणि दाब काढल्यावर उरणारा वांक यांत फार अंतर असतें. पोलादाचा जो भाग मर्यादेच्या आंत राहिला, तो बाकीच्यालाही परत ओढतो. वर सांगितलेला ५२ किलोचा रूळ यंत्रांत धरून २० मीटर त्रिज्येपर्यंत वांकविला, तरी सोडतांच तो इतका उलगडतो कीं शिल्लक वांक दिलेल्या वांकाच्या निम्माही भरत नाहीं. म्हणून हवा असेल त्याहून पुष्कळ जास्त वांकवावें लागतें. किती जास्त, याचें कोष्टक करतां येतें, परंतु तें अंदाजापुरतेंच. एकाच कारखान्याचे, एकाच वजनाचे दोन रूळही अगदीं सारख्या मर्यादेचे नसतात. जास्त वांकला तर उलट्या बाजूनें दाबून सरळ करतां येतो हें खरें, पण असें वारंवार केलें तर काय होतें, हें तार इकडेतिकडे वांकवून तोडणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. मळसूत्राच्या टोकानें रुळाच्या तळाची कड चेचली जाऊं नये हीही काळजी असते. पोलादाची चीर अशाच एखाद्या लहानशा खोंचेपासून सुरू होते.

येथें कोणी विचारील कीं, लोहाराप्रमाणें तापवून कां वांकवीत नाहींत ? तापलेलें पोलाद मऊ होतें व सोडल्यावर परतही फिरत नाहीं. पण रुळाच्या पोलादांत शेंकडा ०·६ ते ०·८ कार्बन असतो, साध्या सळईच्या कितीतरी पट. तें तापून भरभर निवालें तर त्या जागीं ठिसूळ होतें, आणि अतिशय सावकाश निवालें तर मऊ पडून चाकाखालीं झिजतें. शेंकडों टन वजन ज्यावरून जावयाचें, त्याच्या अंगीं अशी असमानता ठेवणें परवडत नाहीं. म्हणून हें काम थंडच करतात.

जिम क्रोनें दिलेला वांक बारकाईनें पाहिला तर तो खरें वर्तुळ नसून लहानलहान कोनांची माळ असते. अखंड वांक हवा असेल तर तीन रोलरांचें यंत्र लागतें. उसाचा लोखंडी चरक ज्यांनीं पाहिला असेल त्यांना त्याची रचना लगेच समजेल. फरक एवढाच कीं, येथें रस काढावयाचा नसतो. रुळाच्या एका अंगाला दोन रोलर, दुसऱ्या अंगाला त्या दोहोंच्या मध्यावर तिसरा. रोलरांना रुळाच्या आकाराचे खोबण असतात, म्हणजे रूळ पिळवटत नाहीं. मधला रोलर पूर्वीं मळसूत्रानें, आतां बहुधा तेलाच्या दाबानें, पुढें रेटतात. रोलर फिरूं लागले कीं रूळ त्यांतून सरकत जातो व त्याचा प्रत्येक भाग सारखाच दाबला जातो. एका खेपेंत सगळा वांक न देतां दोन-तीन खेपांत देणें हें उत्तम. बैलगाडीच्या चाकावर चढवावयाची लोखंडी धांव गोल करण्यासाठीं लोहारशाळेंत जें हातानें फिरवावयाचें यंत्र असतें, तें याच कुळांतलें. आणखी गंमत अशी कीं, रूळ सरळ करण्याचें यंत्रही याच तत्त्वावर चालतें. रुळाचा माथा जाड व तळ पातळ असल्यामुळें तो निवतांना एकसारखा आखडत नाहीं व आपोआप वांकडा होतो. मग कारखान्यांत त्याला वरखालीं मांडलेल्या अनेक रोलरांतून उलटसुलट वांकवीत नेतात आणि शेवटीं तो सरळ बाहेर पडतो. सरळपणा हाही त्याला वांकवूनच दिलेला असतो.

वांक बरोबर साधला कीं नाहीं हें ठरविण्याचें साधन मात्र यंत्राच्या मानानें अगदींच गरीब आहे : एक दोरी व एक मोजपट्टी. वळणावर २० मीटरची दोरी रुळाच्या आंतल्या कडेवर दोन बिंदूंत ताणून धरतात आणि मध्यावर दोरीपासून रुळापर्यंतचें अंतर मोजतात. ५०० मीटर त्रिज्येला तें बरोबर १० सेंटिमीटर यावयास पाहिजे. दर १० मीटरवर असें माप घेत जावयाचें. एके ठिकाणीं १० सेंटिमीटर, पुढें १३, पुढें ७ असे आंकडे आले तर गाडीला तेथें हिसका बसणार हें कागदावरच कळतें. आपल्या जुन्या गणितांत वर्तुळाच्या तुकड्याला चाप म्हणजे धनुष्य, दोरीला ज्या, आणि या मधल्या अंतराला शर म्हणतात. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास लीलावतींत व्यास व ज्या यांवरून शर काढण्याची रीत दिली आहे : व्यास आणि ज्या यांची बेरीज व वजाबाकी यांचा गुणाकार करून त्याचें वर्गमूळ घ्यावें, तें व्यासांतून वजा करून निम्में करावें. त्यांचें उदाहरण व्यास १० व ज्या ६ असें आहे. शर येतो १. त्याच रीतीनें १००० मीटर व्यास आणि २० मीटर ज्या घालून पाहावी. उत्तर १० सेंटिमीटरच येतें. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मॅट्रिकच्या वर्गांतील मूल असेल, त्यांनीं हा हिशेब त्याच्याकडून अवश्य करवून घ्यावा.

दोन रुळांची लांबी सारखी नसते हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. एकांत एक ठेवलेल्या दोन बांगड्यांत आंतली लहान असते, तसेंच हें. ३५० मीटर त्रिज्येच्या वळणावर मोठ्या रुंदीच्या मार्गाचा १३ मीटरचा आंतला रूळ बाहेरच्याच्या पुढें साडेसहा सेंटिमीटर जातो. हा फरक सांठत जाऊन समोरासमोरचे सांधे विस्कळीत होतात, म्हणून मधूनमधून आंतल्या बाजूला आंखूड रूळ घालतात.

राहतां राहिलीं टोकें. ज्या टोकांसाठीं हा सगळा खटाटोप, नेमकीं तींच यंत्राला साधत नाहींत! तीन ठिकाणीं धरल्याशिवाय वांक पडत नाहीं, आणि रुळाचें टोक मधल्या रोलरापाशीं येतें तेव्हां त्याला पलीकडचा आधार सुटलेला असतो. त्यामुळें प्रत्येक टोकाशीं हात-दीड हात रूळ सरळच राहतो. अगदीं नव्या, आंकडा भरतांच स्वतः दाब ठरविणाऱ्या यंत्रांतही ही अडचण पुरती सुटलेली नाहीं. त्यावर उपाय दोन : एक तर रूळ आधीं डागून लांब करावयाचे व मग वांकवावयाचे, म्हणजे टोकेंच कमी होतात; नाहीं तर मुद्दाम जास्त लांबीचा रूळ घेऊन, वांकविल्यावर दोन्हीकडचे सरळ तुकडे करवतीनें कापून टाकावयाचे. हे तुकडे वायां जात नाहींत. रुळाचा हातभर तुकडा दुरुस्तीच्या दुकानांत ऐरण म्हणून पडलेला असतो, आणि खेड्यापाड्यांतील कित्येक शाळांत झाडाला टांगलेला असा एखादा तुकडा बडवूनच मुलांना वर्गांत बोलावतात.