प्वारोचा शेवटचा भाग, सावरगावातून पाहताना

सुरुवातीलाच सांगून टाकते, या लेखात मी ‘प्वारो’ मालिकेचा शेवट फोडणार आहे. ज्यांना तो अजून पाहायचा असेल त्यांनी आधी पाहून यावं आणि मग माझ्याशी भांडायला यावं. शेवट सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही.

आधी आपल्या घरच्या मालिकेबद्दल. ‘सीआयडी’ सोनीवर २१ जानेवारी १९९८ला सुरू झाली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. शनिवार, २७ ऑक्टोबर २०१८ला तिचा पहिला डाव थांबला, तोवर १,५४७ भाग झाले होते. शिवाजी साटम हे बँकेत नोकरी केलेले मराठी गृहस्थ वीस वर्षं एकाच प्रश्नाभोवती बोटं फिरवत राहिले. खून झालाय, कोणी केला? आणि दर आठवड्याला उत्तर मिळायचं. दार तुटायचं, थप्पड बसायची, कबुली यायची, फाशीची आठवण करून दिली जायची. आमच्या घरी जेवणाची ताटं त्यावेळेलाच वाढली जायची. २००४ साली तर त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग कुठेही न कापता सलग एका शॉटमध्ये केला. तेव्हा ‘कसली ती फालतू मालिका’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही.

पण सीआयडीला शेवट नव्हता. २०१८ साली वाहिनीने ‘विश्रांती’ म्हटलं. २१ डिसेंबर २०२४ला मालिका परत आली. एप्रिल २०२५मध्ये एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात गेले, वाहिनीने रीतसर श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, लोक खरोखर हळहळले, आणि काही आठवड्यांत साहेब परत हजर. ज्या मालिकेत मरण हाच रोजचा धंदा, तिथे मुख्य माणसाचं मरणसुद्धा खरं धरायचं नाही! यात मजा आहे हे मान्य, पण मला ती पळवाट वाटते. हजारावर खुनांचा छडा लावणाऱ्या माणसाला कधीतरी प्रश्न पडायला हवा होता, की जिथे आरोपी सापडतच नाही तिथे काय? तो प्रश्न टाळण्यासाठीच जणू मालिका पुढे ढकलत नेली.

आता ‘प्वारो’. ब्रिटनच्या आयटीव्हीवर ८ जानेवारी १९८९ ते १३ नोव्हेंबर २०१३, सत्तर भाग, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नट, डेव्हिड सुशे. (नावाचा उच्चार पॉयरो की प्वारो यावर आमच्या होस्टेलमध्ये एक संध्याकाळ गेली आहे. तो बेल्जियन आहे, फ्रेंच बोलतो, म्हणून प्वारो.) शेवटच्या भागाचं नाव ‘कर्टन’, म्हणजे पडदा. अगाथा ख्रिस्तीने ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिली आणि तिजोरीत ठेवून दिली. ती छापली गेली १९७५ साली, स्वतः ख्रिस्ती जाण्याच्या थोडं आधी. ऑगस्ट १९७५मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर या काल्पनिक माणसाच्या निधनाची बातमी दिली होती. सुशे यांनी तर शेवटच्या मोसमात मरणाचा हा भाग आधी उरकून घेतला आणि चित्रीकरणाचा शेवट ख्रिस्तीच्या स्वतःच्या ग्रीनवे या घरी, दुसऱ्या एका कथेने केला. चोवीस वर्षं अंगावर वागवलेल्या माणसाला मेलेलं ठेवून घरी जायचं नव्हतं त्यांना. मला हे फार आवडलं.

गोष्ट अशी. प्वारो म्हातारा झालाय, चाकाच्या खुर्चीत आहे, हृदय दमलंय. त्याने जुना मित्र हेस्टिंग्जला बोलावून घेतलंय. घर तेच, जिथे त्यांची पहिली केस झाली. तो सांगतो, या घरात एक खुनी आहे. पाच खून त्याच्या नावावर आहेत, पण त्या प्रत्येक खुनात आरोपी दुसराच कोणीतरी ठरलाय. हेस्टिंग्ज आपल्यासारखाच, त्याला हे कळत नाही. शेवटी उलगडतं की तो खुनी म्हणजे नॉर्टन, दुर्बीण गळ्यात घालून पक्षी बघत फिरणारा एक गरीब दिसणारा माणूस. तो कोणालाच मारत नाही. तो फक्त बोलतो. दुखऱ्या जागेवर हलकं बोट ठेवतो, थोडं डिवचतो, आणि समोरचा माणूस उठून आपल्याच हाताने कोणाला तरी मारतो. मराठी नाटक वाचणाऱ्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल. ऑथेल्लोमधला इयागो तो हाच. देवलांनी ‘झुंझारराव’ करून त्याला शंभरएक वर्षांपूर्वीच मराठीत आणून बसवलाय. नॉर्टनला काय मिळतं? पाहायला मिळतं. बस्स.

कायद्याच्या हाताला नॉर्टन लागत नाही. म्हणून आयुष्यभर ‘खून मला मंजूर नाही’ म्हणणारा प्वारो त्याला स्वतः गोळी घालतो, मग हाताशी असलेलं हृदयाचं औषध घेत नाही, आणि जपमाळ हातात घेऊन मरतो. चार महिन्यांनी हेस्टिंग्जला त्याचं पत्र मिळतं तेव्हा सगळं कळतं.

हे पाहून झाल्यावर मला गावची नदी आठवली, आणि ती का आठवली हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

मी सावरगावची. एका काठाला सावरगाव, दुसऱ्या काठाला पांढुर्णा, मध्ये जाम नदी. राज्य मध्य प्रदेश, जिल्हा २०२३पर्यंत छिंदवाडा, आता पांढुर्णाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते हे तुमच्यातल्या काहींनी बातम्यांत पाहिलं असेल. नदीच्या मध्यभागी पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. पांढुर्ण्याचे लोक तो झेंडा काढायला येतात, सावरगावचे लोक त्यांना दगडांनी परतवतात, आणि दोन्ही काठांवरून संध्याकाळपर्यंत गोटे चालतात. झेंडा शेवटी चंडीमातेच्या देवळात जातो. जमावबंदीचा आदेश दरवर्षी निघतो, पोलीस असतात, डॉक्टरांचे तंबू असतात, अँब्युलन्स रांगेत उभ्या असतात. जखमी शेकड्यांनी. १९५५ पासून तेरा जणांचा जीव गेल्याचं बातम्यांत येतं. दगडाऐवजी रबरी चेंडू देण्याचाही प्रयोग झाला, तो कोणी मनावर घेतला नाही.

माझ्या मामाच्या डाव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे. लहानपणी मी त्याला सीआयडी बघता बघता विचारलं होतं, मामा, हा गोटा कोणी मारला होता? मामा हसला. म्हणाला, “गोट्याले का नाव रायते का पोरी?”

तेच तर. प्वारोच्या एका दुसऱ्या गाजलेल्या केसमध्ये, ओरिएंट एक्सप्रेसमध्ये, बारा जण मिळून एकाला भोसकतात. पण त्या बाराही जणांना ठाऊक असतं आपण काय करतोय. सुशेंच्या २०१०च्या भागात प्वारो त्यांना सोडून देतो आणि बर्फातून चालताना हातातली जपमाळ घट्ट धरतो, कारण सोडून देणं त्याला पचत नाही. आमच्या नदीवर कोणालाच काही ठाऊक नसतं. ज्याच्या हातून तो दगड सुटला त्यालासुद्धा कळत नाही की पलीकडे पडलेला माणूस आपल्या दगडाने पडला. रात्री तो शांत झोपतो, आणि त्याच्यावर चिडायलाही मला जमत नाही. वैर नसतं कोणाचं. दुसऱ्या दिवशी तीच माणसं एकमेकांच्या दुकानात बसून चहा पितात. गोटमारीची बाजू घेणारे हेच सांगतात आणि ते खोटं नाही. सासर-माहेर दोन्ही काठांवर आहे लोकांचं.

मग नॉर्टन कोण? मला वाटतं ‘कर्टन’ पाहिल्यावर हा प्रश्न विचारता येतो, त्याआधी येत नव्हता. सीआयडीने आपल्याला शिकवलं की आरोपी म्हणजे ज्याच्या हातावर रक्त तो. प्वारोचा शेवटचा भाग म्हणतो, दुर्बीण कोणाच्या हातात आहे तेही पाहा. गच्च्यांवर जागा धरून बसणारे, पुलावरून ओरडून चेव आणणारे, मोबाइलवर रील काढणारे, ‘या वर्षी काही दम नव्हता’ असं म्हणत घरी परतणारे. माझ्यासारख्या बाहेर शिकायला गेलेल्या मुलामुलींना ‘आमच्या गावची जगात नसलेली परंपरा’ म्हणून मित्रांना सांगण्यात जी ऐट वाटते, तीसुद्धा त्यातच. दगड मारणारा निदान दगड खायला उभा असतो. बघणाऱ्याला कसली भीती?

आणि या परंपरेच्या मुळाशी जी गोष्ट सांगतात ती ऐका. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, पळून जाताना नदीच्या मध्यावर सापडले, दोन्ही काठांवरून दगड आले, दोघंही गेले. (दुसरी एक कथा भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाची आहे, पण गावात चालते ती हीच.) गोष्ट खरी की खोटी यात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की मी ऐकलेल्या गोष्टीत त्या सावरगावच्या मुलीला नाव नाही, आणि तिला कोणाचा दगड लागला हे कोणी कधी विचारलेलं नाही. मुलाकडचा की बापाकडचा? पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट प्रेमाची म्हणून सांगितली जाते. मला ती तपास न झालेली केस वाटते.

प्वारोने जे केलं ते मला पटत नाही. गोळी घालून नॉर्टन संपत नसतो. वर्गात एका मैत्रिणीने म्हटलं, मग तुझ्या लेखातून निघतं काय? सांगते. पटत नसलं तरी प्वारो स्वतःला सोडत नाही, हे महत्त्वाचं. ‘मी केलं’ असं तो लिहून ठेवतो आणि पुढचं देवावर सोपवतो. आम्ही मात्र देवीचं नाव पुढे करतो आणि ‘कोणीच केलं नाही’ म्हणून घरी जातो. यात देवीचा तरी काय दोष?

बंदी घाला म्हणणं सोपं आहे. आदेश दरवर्षी कागदावर निघतोच आणि नदी दरवर्षी भरतेच. झेंड्याची चढाओढ राहू द्या, झाड राहू द्या, पूजा तर राहू द्याच. दगड जावेत असं माझं मत आहे आणि ते एका वर्षात होणार नाही हेही मला दिसतं. तोवर एक लहान गोष्ट मागते. पळस रोवायच्या आधी, दोन्ही काठ भरलेले असताना, गेलेल्या माणसांची नावं माइकवरून वाचावीत. वय, गाव, साल. फक्त एवढंच, भाषण नको. ज्या घरांची इच्छा नसेल त्यांचं नाव वगळावं. वाचणाराही बाहेरून आणू नये, एक नाव सावरगावच्या माणसाने वाचावं, एक पांढुर्ण्याच्या. पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत गणपती बसतात, त्यामुळे लाउडस्पीकर दोन्हीकडे आधीच भाड्याने ठरलेले असतात. तेरा नावांना पाच मिनिटंसुद्धा लागणार नाहीत.